भावाचा त्याग

माझा भाऊ तोर्लेइव अकरा वर्षांनी मादागास्करहून सुट्टीवर आला, तेव्हा गावचं प्रार्थनाघर तुडुंब भरलं. आमच्या फ्योर्डच्या खाडीकाठावरून गेलेल्या मिशनऱ्यांचे फोटो तिथल्या भिंतीवर आहेत, त्यात याचा मधोमध. मी आत सभेची कॉफी उकळत होते आणि कॉफी द्यायच्या खिडकीतून ऐकत होते.

"प्रभूने हाक मारली," तो म्हणाला, "आणि मी आईवडिलांना सोडून निघालो."

बायका डोळे पुसू लागल्या. शेजारची ओलाउग मला म्हणाली, "केवढा त्याग गं, गुन्वोर! तुला नाही का कधी वाटलं, आपणही देवासाठी काही करावं?"

अकरा वर्षं मी आईला भरवते, पुसते, तिची कूस बदलते. बाबांचंही केलं, मग त्यांना मातीआड केलं. माझ्याशी लग्न ठरलेला माणूस वाट बघून कंटाळला आणि दुसरीशी लग्न करून मोकळा झाला.

भाषण संपल्यावर भावाच्या कपात कॉफी ओतता ओतता मी सगळ्यांदेखत विचारलं, "आईवडिलांना सोडलंस, खरंय. पण कुणाच्या गळ्यात टाकून गेलास, तेही सांग की."

तो मायेने हसला. "चिडू नकोस गं. तुझ्यासाठी मी रोज प्रार्थना करतो."

"आमेन," सगळे म्हणाले.

मग ओलाउगने मला साखर आणायला पाठवलं.