हसू मागून येतंय

“तिचं तोंड मागे राहतंय,” आई म्हणाली.

खोलीत टाळ्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या, त्या तिथल्या तिथे विरल्या. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दूरच्या शाखेत बसलेली तिची नात हात हलवत होती. पडद्याच्या डोक्यावरच्या कॅमेऱ्यातून तिलाही ही खोली दिसत होती. पडद्याखालचे आठही दिवे हिरवे होते आणि विभागप्रमुख बाईंनी सहीसाठी पेन उघडलं होतं. आईला इथे आणायची दुर्बुद्धी आपल्याला कुठून सुचली, असं थांबाकाकांना झालं.

काकांचं हे नाव कचेरीनंच पाडलं होतं. एका चित्राचे आठ आडवे पट्टे करायचे, ते आठ वेगवेगळ्या तारांनी भरधाव पाठवायचे आणि पलीकडे पुन्हा जुळवायचे, हे त्यांच्या विभागाचं काम. तारा काही सारख्या वक्तशीर नसतात. एखादा पट्टा धावत येतो, एखादा रमतगमत. लवकर आलेल्यांना यंत्राच्या साठवणीत थोपवून धरायचं आणि शेवटचा आला की सगळ्यांना एकदम सोडायचं, ही व्यवस्था काकांची. घरीसुद्धा सगळी मंडळी टेबलाशी बसल्याशिवाय ते कुणाला घास उचलू देत नसत. बायको म्हणायची, “अहो, निवतंय. तुमच्या त्या तारा कचेरीतच ठेवून येत जा.”

यंत्र बहिऱ्या मुलांच्या शाळेसाठी होतं. दूर बसलेल्या शिक्षिकेचे ओठ मुलांना वाचता यायला हवेत, म्हणून शेवटच्या चाचणीला ओठ वाचणारं माणूस बसवा, असा शाळेचा आग्रह होता. आवाज मुद्दामच जोडला नव्हता. काकांच्या आईचे कान जाऊन बरीच वर्षं झाली होती. ओठ मात्र ती असे वाचायची, की शेजारणी तिच्यादेखत एकमेकींशी बोलताना तोंडावर हात धरायच्या.

आणि पलीकडच्या टोकाला काकांची स्वतःची लेक कामाला होती, तेव्हा आजीनातीची भेटही होईल, असा त्यांनी दुहेरी विचार केला होता. आज यंत्र पास झालं की तिकडचं काम संपून लेक कायमची घरी येणार होती. नापास झालं तर चाचण्या पहिल्यापासून, म्हणजे आणखी दोन-तीन महिने गेलेच. आजीनं नातीची खोली झाडूनपुसून तयार ठेवली होती, तरी रोज सकाळी उठून ती पुन्हा झाडत होती.

“आई, नीट बघ.” तिला ओठ दिसावेत म्हणून काका तिच्या समोर आले. “तुला पडद्याची सवय नाही. दिवे बघ, सगळे हिरवे आहेत.”

“दिव्यांना काय करायचंय? मी पोरीकडे बघतेय. आधी डोळे हसतात, मग तोंड हसतं. हसू मागून येतंय तिचं.”

बाई समजुतीनं हसल्या. “काका, मला तर काही दिसत नाहीये. आजींचं वय झालंय. करू ना सही?”

हो म्हणणं अगदी सोपं होतं. काकांना लेक घरी हवी होती, आईपेक्षाही जास्त. होकार ओठांवर आलाही होता. पण आई पडद्याकडे अशी एकटक बघत होती की त्यांना तो उच्चारवेना. त्यांनी फोन काढून लेकीला लावला.

“उजवा हात कपाळावरून झर्रकन खाली आण.”

“बाबा, आता व्यायामपण करायचाय?”

“सांगतो तेवढं कर गं.”

लेकीनं हात खाली आणला. कपाळावरून नाकापर्यंत तो नीट आला. ओठांच्या पट्ट्यात तो नव्हताच. एकदम हनुवटीखाली उगवला आणि पार खाली गेला, आणि मग ओठांवरून नुसतीच चार बोटं सरकून गेली. खोलीतलं कुणीतरी खुदकन हसलं. काका बाईंकडे वळले.

“बाई, सही करू नका.”

घोळ साधाच होता. पट्ट्याच्या प्रत्येक तुकड्यावर क्रमांक असतो आणि क्रमांक संपले की पुन्हा एकपासून नवी फेरी सुरू होते. सारखे क्रमांक जमले की यंत्र त्यांना सोडतं आणि हिरवा दिवा लावतं. ओठांच्या पट्ट्याची साठवण सुरुवातीला रिकामी करायची राहिली होती. त्यामुळे तो पट्टा अख्खी एक फेरी मागे चालला होता. त्याचा मागच्या फेरीतला पाच या फेरीतल्या पाचाशेजारी निमूट उभा राहत होता. आजवर हे कळलं नाही, कारण चाचण्या रंगीत पट्ट्यांच्या स्थिर चित्रावर झाल्या होत्या. जे हलतच नाही, ते मागचं काय आणि आत्ताचं काय. ते चित्र निवडलं होतं खुद्द काकांनी, आणि तसं त्यांनी सगळ्यांसमोर सांगूनही टाकलं.

आठही साठवणी रिकाम्या करून यंत्र पुन्हा सुरू केलं. लेकीनं हात फिरवला, तो कपाळापासून खालपर्यंत सलग उतरला. या वेळी टाळ्या पुऱ्या वाजल्या.

“पण चाचण्या पहिल्यापासून घ्याव्या लागतील,” बाई पेन मिटत म्हणाल्या. “नियम तुमचाच आहे, काका.”

काकांनी लेकीला फोनवर ते सांगितलं. ती नुसतं “बरं” म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. आता आईला सांगायचं होतं. ते तिच्याजवळ जाऊन वाकले, पण आईचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ती पडद्यातल्या नातीशी बोलत होती. लहानपणापासूनची दोघींची रीत होती ती, आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे. मधूनच दोघी हसत होत्या, आणि आता तोंड, डोळे, गाल, सगळं एकदम हसत होतं. खोलीत इतकी शिकलेली माणसं होती, पण एकालाही त्यातलं अक्षर कळत नव्हतं. काकांना फार बरं वाटलं, आणि थोडा हेवाही.

त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला. “काय म्हणतेय?”

“आमचं आमच्यात चाललंय.” मग तिला जरा दया आली असावी. “बाईंचे ओठ मी मघाशीच वाचले. लांबलं ना येणं, बापावर रागावलीस का, असं विचारलं मी पोरीला. तर म्हणते, त्यांनी सही होऊ दिली असती तर मी रागावले असते.”

काका वळले आणि लेकीकडे बघत पडद्यासमोरच उभे राहिले.

“आणि तू आधी बाजूला हो बघू,” आई म्हणाली. “तिला मी दिसत नाहीये.”

काका बाजूला झाले.