आठवी दोरी

कुलपात किल्ली फिरली. एवढाच आवाज.

दुपार होती. चिमणी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, सासूबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या, आणि पोरीची झोप मोडू नये म्हणून मी शिलाईचं मशीन बंद ठेवून पडद्याची दुमड हातानेच टाचत होते. दारापाशी कुत्री निवांत पसरली होती. किल्ली फिरली, पाठोपाठ जुडगा खुळखुळला, आणि ती जागच्या जागी चपटी झाली. कान मागे, शेपूट पोटाखाली. तिच्याखालून निघालेला पिवळा ओघळ फरशीवरून सरकत दारात उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याच्या बुटांपर्यंत गेला.

"मी काय केलं?" तो कुजबुजला.

"काही नाही. तिच्याकडे बघू नकोस. बाजूने आत ये आणि ते फडकं दे."

प्राण्यांच्या निवाऱ्यातून तिला घरी आणून नऊ दिवस झाले होते. वय सहा वर्षं, म्हणजे चिमणीपेक्षा एकाने मोठी. म्हणून चिमणीने तिला परस्पर 'मावशी' करून टाकलं होतं. "मोठ्यांना नावाने हाक मारत नाहीत, तूच सांगतेस ना?"

"म्हणजे तुझी बहीण झाली की गं," सासूबाई मला म्हणाल्या होत्या. "बरं झालं. एवढी एकच यायची राहिली होती." मग हसू आवरून त्यांनी बोट वर केलं. "एक महिना. महिन्यानंतरही घरात ओलं दिसलं, तर जिथून आली तिथे परत. मी दुष्ट नाही, पण या वयात घसरून कंबर मोडून घ्यायची मला हौस नाही."

निवाऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नियम घोटून घेतले होते. उठल्यावर बाहेर, खाल्ल्यावर बाहेर, खेळल्यावर बाहेर, आणि मधे दर दोन तासांनी. रोज तीच जागा, तेच शब्द. बाहेर केलं की लगेच, म्हणजे लगेच, बिस्किट आणि शाब्बासकी. घरात केलं तर ओरडायचं नाही, नाक फरशीला घासायचं नाही. गप्प बसून व्हिनेगरने पुसून टाकायचं. बिस्किटाचं खातं चिमणीकडे होतं. ती फ्रॉकच्या खिशात चुरा घेऊनच हिंडायची. मी मागच्या अंगणात नळाशेजारी उभी राहून म्हणायचे, "मावशी, मोकळी हो." मावशी मोकळी झाली की चिमणी टाळ्या पिटायची, "शाब्बास मावशी!" असं कौतुक माझं बाळंतपणातही कुणी केलं नव्हतं.

दोन आठवड्यांत फरशी कोरडी राहू लागली. मावशी स्वतःहून दारापाशी जाऊन पंजाने एकदा खरवडायची आणि मागे वळून बघायची. फक्त चाव्या वाजल्या की सगळं मुसळ केरात. नवरा बिचारा जुडगा मोज्यात गुंडाळून, मुठीत दाबून स्वतःच्या घरात चोरासारखा शिरू लागला.

सोळाव्या दिवशी तिला टोचायला घेऊन गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढून दिली. "ही तिच्या गळ्यात होती. कातडीत रुतली होती, कापून काढावी लागली. फाटकाला बांधून कोण गेलं ते आम्हाला कळलंच नाही. आता तुम्हीच ठेवा नाहीतर टाका."

पिशवीत दोरी होती. जांभळट, तीन पदरी, पडदा आवरून बांधायची. टोकाला रेशमी धाग्याचे वेढे. मी वेढ्यांवरून अंगठा फिरवला आणि पुन्हा एकदा फिरवला. वेढे उलट्या दिशेने होते. मी डावखुरी. असे वेढे माझ्या ओळखीत दुसरं कुणी घालत नाही.

तशा आठ दोऱ्या मी चार वर्षांपूर्वी वळल्या होत्या, पडद्यांच्या दुकानाच्या मालकांसाठी, त्यांच्या दर्शनी काचेला. अजूनही मी त्यांचंच काम करते. मावशीला घरी सोडलं आणि तिथेच गेले तशीच. कापडाचे गठ्ठे घेताना काचेकडे बघून मोजलं. सात दोऱ्या. आठव्या हुकाला साधी फीत.

"मालक, एक दोरी कुठे गेली हो?"

"ती?" मालक खुर्चीत रेलले. बोटात चाव्यांचा जुडगा गरागरा फिरत होता. "मागे गुदामात कुत्री होती राखणीला. तिची साखळी तुटली, तर हाताला आली ती दोरी बांधली. गेली पळून, दोरीसकट! सुटलो. रोज शटर उघडावं तर जमीन ओली."

"बाहेर नेत नव्हता का?"

"राखणीची कुत्री बाहेर फिरायला? तुम्ही पण ना! हा जुडगा बसला दोनदा नाकावर की चांगली शिस्त लागायची. दोन दिवस टिकायची." ते हसले. "जनावर ते. तुम्ही तुमच्या पोरीला लाडाने शिकवा, मी असं शिकवतो."

मी हसले. खरंच हसले, ओठ ताणून. गठ्ठा उचलला आणि घरी आले. वाटेत मला एकच गोष्ट दिसत होती: माझ्याच हातांनी, चिमणीला पाजता पाजता वळलेली ती दोरी, आणि तिच्याखाली सोललेली मान.

रागाने माणूस आरडाओरडा करतो म्हणतात. मी मात्र त्या दिवसापासून फार नीटनेटकी झाले.

मालक दुकानाच्या वरच्या मजल्यावर नवीन दालन उघडणार होते. निवडक गिऱ्हाइकांसाठी. भिंती पांढऱ्या, आणि जमिनीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सायीच्या रंगाचा गालिचा. त्याच्यावरून ते स्वतःसुद्धा मोजे घालून चालायचे. पडदे माझ्याकडेच होते. उद्घाटनाच्या सकाळी अकराला मी ते घेऊन यायचं ठरलं होतं.

"मालक, त्या गालिच्याचा एखादा तुकडा उरलाय का? मशीनखाली अंथरायला."

त्यांनी स्वतःच्या हाताने कापून दिला. वर घडी करून पिशवीतही घातला. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मी कुणाला सांगितला नाही, नवऱ्यालासुद्धा.

तुकडा मी अंगणात नळाशेजारी अंथरला. "मावशी, मोकळी हो." पहिल्या दिवशी ती त्याला वळसा घालून गेली. दुसऱ्या दिवशी मी आजूबाजूची मोकळी जमीन पाटांनी झाकली. तिसऱ्या दिवशी तिने गालिच्यावर केलं, माझ्याकडे बघितलं, आणि चिमणीने बिस्किट पुढे केलं. पाचव्या दिवसापासून मी शब्द उच्चारायचा अवकाश, ती त्या तुकड्यावर जाऊन बसायची. रात्री डोळे मिटले की मला सायीच्या रंगावर पिवळं तळं दिसायचं आणि त्याच्या काठाशी मालकांचे पांढरे मोजे. गोड झोप लागायची.

तेविसाव्या दिवशी मावशीने सासूबाईंच्या पलंगाजवळच्या सतरंजीवर केलं.

"फरशी सोडली, आता मऊ मऊ हवं झालं," सासूबाई सतरंजी दोन बोटांत धरून बाहेर आल्या. "तुमच्या बहीणबाईंची प्रगती आहे. अगं, चांगली शिकली होती ना ती? मधेच काय बिघडलं?"

मी सतरंजी घेतली आणि नळाखाली धरली. चिमणी अंगणातल्या तुकड्याकडे बघत होती.

"आई, बाहेरच्या गालिच्यावर शाब्बास, आणि आतल्या गालिच्यावर नाही, हे तिला कसं कळणार?"

"कळेल. चार दिवस थांब फक्त."

चार दिवसांनी उद्घाटन होतं. मग तुकडा फेकून देईन, पुन्हा पहिल्यापासून शिकवीन, असं मी स्वतःला बजावलं. त्यानंतर महिना पुरा व्हायला तीनच दिवस उरत होते, ही गोष्ट मी हिशेबात धरलीच नाही.

ठरल्या सकाळी पडद्यांचा गठ्ठा खांद्यावर, दोरी पिशवीत, एका हातात मावशीचा पट्टा, दुसऱ्या हातात चिमणीचा हात. तिच्या खिशात बिस्किटं. मी मागच्या जिन्याने चढले. दालनात दहा-बारा माणसं होती, हळू आवाजात बोलणारी, बूट दाराशी काढून आलेली. मालक पलीकडच्या टोकाला खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. मी गठ्ठा खाली ठेवला. गालिचा इतका मऊ होता की पावलं बुडत होती.

मी वाकले आणि मावशीच्या कानात म्हटलं, "मोकळी हो."

तिने गालिचा हुंगला. माझ्याकडे पाहिलं. मग वळली, दारापाशी गेली, पंजाने एकदा खरवडलं आणि मागे वळून बघितलं.

ती बाहेर न्यायला सांगत होती. मी इतके दिवस तुकड्यावर जे शिकवलं ते बाजूला ठेवून, आधी जे शिकवलं होतं ते करत होती. पण मी इतक्या लांब आले होते. पट्टा ओढून मी तिला परत मधे आणलं. "मावशी. मोकळी हो."

"आल्या का आमच्या पडदेवाल्या बाई!" मालक वळून आमच्यापाशी आले. बोटात जुडगा होता. सवयीने त्यांनी तो फिरवला.

छुन्.

मावशी खाली बसली नाही, कोसळली. हनुवटी गालिच्यात, डोळे घट्ट मिटलेले, जणू नाकावर काही येणारच होतं. तिच्याखालून डाग पसरू लागला. मी स्वप्नात बघितला होता त्याहून मोठा.

कुणीतरी पाय मागे घेतला. मालकांच्या तोंडून निघून गेलं, "अरे, ही इथे कशी?" आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

"तुमची आहे का?" एका बाईंनी विचारलं.

"छे, छे! कुणाचं कुत्रं कुठे..."

माझी वाक्यं कधीची पाठ होती. मी पिशवीतून दोरी काढून त्यांच्या पुढे धरली. "मालक, ही तुमची आठवी दोरी. कुत्री पळून गेली म्हणाला होता ना? पळून गेलेली कुत्री निवाऱ्याच्या फाटकाला स्वतःला बांधून घेत नाही. आणि ही दोरी कापताना मानेची कातडी सोलून निघाली होती. वेढे माझे आहेत. गाठ तुमची."

सगळे दोरीवरच्या वाळलेल्या काळ्या डागाकडे बघत होते, मग मालकांकडे, मग त्यांच्या हातातल्या जुडग्याकडे. त्यांनी तो मुठीत घट्ट दाबला, अगदी माझा नवरा दाबायचा तसा. पांढरा मोजा एका बाजूने पिवळा झाला होता. मला हवं होतं ते सगळं, तंतोतंत.

मी खाली बघितलं. मावशी थरथरत होती. डोळे उघडले होते तिने, पण मालकांकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

चिमणी तिच्याशेजारी गुडघे टेकून बसली होती, फ्रॉकची कड ओली. तिने खिशातून बिस्किट काढलं होतं. हात अर्ध्यावर थांबला होता. तिने मान वर करून मला विचारलं,

"आई, आता शाब्बास म्हणायचं का?"