विंगेतली टाळी

अक्का त्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होत्या. विंगेत वही घेऊन उभं राहायचं, कुणाचं वाक्य अडलं तर हळूच पुरवायचं आणि शेवटच्या अंकात थपडेसाठी टाळी वाजवायची, एवढं त्यांचं काम. रंगमंचावर खरी थप्पड कुणी मारत नाही. हात गालापाशी थांबतो, आवाज विंगेतून येतो आणि प्रेक्षकांना वाटतं, बसली सणसणीत.

ही थप्पड मारायचे विणकर झालेले मास्तर. नाटकातला विणकर वेगळ्या धर्माचा, आणि मास्तरही त्याच धर्माचे. पहिल्या अंकात गावचा पुढारी विणकराच्या तोंडावर थुंकतो, त्याचं दुकान जाळतो. शेवटी तोच पुढारी एकटा त्याच्या तावडीत सापडतो. विणकर एक थप्पड मारतो आणि त्याला सोडून देतो.

पुढारी व्हायचे मालकांचे जावई. थुंकायचं ते नुसतं थुंकल्यासारखं करायचं असतं, हे शाळकरी पोरालाही कळतं. हे गृहस्थ मात्र दर प्रयोगाला खरंखुरं थुंकायचे आणि वर मेकअपच्या खोलीत हसत सांगायचे, "जपून राहा हं. या लोकांचा हात कधी सुटेल, नेम नाही." पडले जावई, बोलणार कोण?

पन्नासाव्या प्रयोगाला अक्कांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मध्यंतरात त्यांनी मास्तरांना गाठलं.

"आज मी टाळी देणार नाही. मारा खरीखुरी. एकदा बसू दे त्याला."

मास्तर खोटी दाढी चिकटवत होते. "टाळी द्या, अक्का," एवढंच म्हणाले आणि पुन्हा आरशाकडे वळले.

पण अक्का म्हणजे महाहट्टी बाई. शेवटचा अंक आला. मास्तरांनी हात उचलला आणि नेमकं तेव्हा अक्कांचं लक्ष पहिल्या रांगेतल्या मालकांकडे गेलं. हात बसला तर मास्तर उद्या रस्त्यावर, आणि जावई म्हणत होते तेच खरं, असं जो तो म्हणणार. हे आपल्याला आधी सुचू नये? टाळी ऐकून तरी मास्तर हात आवरतील म्हणून त्या घाईघाईने टाळी द्यायला गेल्या, तर हातातली वही मध्ये आली.

हात सपकन आला आणि गालापासून दोन बोटांवर थांबला. आवाज नाही. जावई डोळे घट्ट मिटून, मान आखडून उभे. हा अभिनय नव्हता, माणूस खरंच घाबरला होता. पडायचं ते आवाजावर, एवढंच त्यांना पाठ. आता काय करावं ते सुचेना. सगळं नाट्यगृह तो थांबलेला हात बघत राहिलं.

मास्तरांचे ओठ किंचित हलले. विंगेत अक्कांना ऐकू आलं, "पडा आता. मी सांभाळतो."

जावई मटकन गुडघ्यांवर बसले. "जा," विणकर म्हणाला. प्रेक्षकांनी टाळ्यांनी नाट्यगृह डोक्यावर घेतलं.

पडदा पडल्यावर अक्का मास्तरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "चुकलं माझं. तुमचं काम घालवत होते मी." मग न राहवून त्यांनी विचारलं, "तुम्हाला राग येतच नाही का हो?"

"येतो ना. रोज येतो. म्हणून तर हात तेवढ्या जोरात येतो." मास्तर दाढी सोडवत होते. "पण आमचा हात सुटतो असं तो सांगत फिरतो. ते मी कशाला खरं करून देऊ?"

पन्नास प्रयोग अक्कांनी या माणसाला चार हातांवरून पाहिलं होतं, आणि हा बिचारा मुकाट सोसतोय असंच त्या धरून चालल्या होत्या. त्यातला एकही प्रयोग आपण धड पाहिला नाही, हे त्यांना आत्ता कळलं.