तेलाच्या विहिरीची पूजा

बाळ सव्वा महिन्याचं झालं आणि मालतीबाईंनी सुनेमागे लकडा लावला, "नूतन, तुनी इहीर पूजानी ऱ्हायनी."

बाळंतीण उठली की विहिरीला हळदकुंकू वाहायचं, तांब्याभर पाणी तिच्यात ओतायचं, ही त्यांच्या गावाकडची रीत. पण बमरोलीच्या चाळीत विहीर कुठली? सगळा कारभार नळावर.

"आठे इहीर कोठे शे, आत्याबाई?"

"मनी शे ना!" तिचा नवरा हेमराज जेवता जेवता म्हणाला. "तेलनी. चल, तिलाच पूज."

सासूसुना हसल्या. हेमराजही हसला, पण त्याला खोकल्याची उबळ आली आणि हसू तिथेच विझलं.

तो आधी पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये होता. तिथल्या रंगाच्या वाफेनं छाती धरली. पुन्हा मिलमध्ये गेलात तर फुप्फुसं हाती लागणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून त्यानं ओलपाडकडच्या तेलविहिरीवर ठेकेदाराकडे नोकरी धरली. आजूबाजूला उसाचे मळे, मोकळा वारा. खोकला निम्म्यावर आला. आता ती विहीरच आटत चालली होती. ती बंद पडली की परत मिल.

घरी आला की तो विहिरीची तब्येत सांगे, जणू घरातलंच कुणी आजारी आहे. जमिनीखालचा जोर ओसरलाय. नळीत मेण साकळलं, ते गरम तेल सोडून वितळवलं. मग वाळू आली. शेजारच्या विहिरीतून पाणी दाबून तेल पुढे ढकलून पाहिलं, तर पाणीच जास्त वर यायला लागलं. शेवटी नळ्या उपसून आतून साफ करायचं ठरलं.

"उपसताना गॅस उसळू नये म्हणून खारं पाणी भरलं होतं," तो म्हणाला. "आता पंप लावलाय. ते पाणी निघालं की मागून तेल येईल बघ."

रविवारी नूतन खरंच हेमराजबरोबर विहिरीवर गेली. बाळ कुशीत, पिशवीत हळदकुंकू आणि पाण्यानं भरलेला फिरकीचा तांब्या. कुंपणाशी अश्विनी मॅडम भेटल्या. अकोल्याकडच्या, तिथल्या इंजिनिअर.

"कुंकू वाहा ताई, पण बाहेरूनच. अन् दिवा नका लावू बरं, इथं गॅस असते."

नूतननं कुंपणाच्या खांबाला कुंकू लावलं. आत पंप मान खालीवर करत होता. मॅडमनी तोटी उघडली, बादली भरली. नूतनला काही कळत नव्हतं, पण हेमराजचा चेहरा कळत होता. बादलीत नुसतं पाणी होतं. वर तेलाचा पातळ तवंग.

"थकलेला थर आहे, भाऊ," मॅडम हळूच म्हणाल्या. "आपण भरलेलं पाणी त्यानं पिऊन घेतलं. तेलाची वाटच बुजली. इलाजच बाधला."

"अजून एकदा करून बघू ना, मॅडम? थोडं ॲसिड सोडून?"

"मी विचारलं होतं. नाही म्हणाले. सिमेंट भरून बंद करायचा हुकूम आलाय."

काहीतरी करावं म्हणून नूतननं तांब्या काढला आणि कुंपणाच्या फटीतून हात आत घातला. हेमराजनं तिचं मनगट धरलं.

"पाणी नको घालूस तिला," तो म्हणाला. "पाण्यानंच गेली ती."

तिनं तांब्या तिथेच उसाच्या बांधावर रिता केला.

परतताना त्यानं रस्त्याकडेला मोटारसायकल थांबवली आणि चार पावलं लांब जाऊन मिलच्या शेठला फोन लावला. वारा तिच्याकडेच वाहत होता.

"हां शेठ, हेमराज... हां, कालथी आवीश... ना ना शेठ, हवे खांसी नथी. बिल्कुल नथी."

वाक्य पुरं करायला तो मध्ये मध्ये थांबत होता. उद्यापासून येतो म्हणत, खोकला आता नाही असं श्वास पुरवून पुरवून खोटं बोलत होता.

नूतननं बाळाचं टोपरं कानांवर खाली ओढलं.