नदी गाळलेलं नाव

मी पाणघोडा बोलतोय. मुलुंडच्या मैदानावर सर्कशीचा तंबू आहे ना, त्याच्या मागच्या सिमेंटच्या हौदात मी असतो. आत बसलं की कूस बदलता येत नाही.

माझा जन्म प्राणिसंग्रहालयातला. आईचं दूध सुटायच्या आत सर्कशीच्या मालकाने मला विकत घेतलं. पाटीवर 'हिप्पोपोटॅमस' मावेना. मालक रंगाऱ्याला म्हणाला, "नुसतं हिप्पो लिही. कोण वाचतंय!"

माझं सगळं धाकू बघायचा. मूळचा मालवणकडचा. गिरणीचा संप लांबला, हजेरीपटावरून नाव गेलं, म्हणून इथे आला. मैदानामागच्या चाळीत तो आणि त्याची बायको सुलक्षणा राहायची.

एकदा विमलाबाई शाळेची मुलं घेऊन आल्या. "मुलांनो, हे नाव ग्रीक आहे," त्या म्हणाल्या. "हिप्पोस म्हणजे घोडा, पोटॅमोस म्हणजे नदी. नदीतला घोडा. नुसतं हिप्पो म्हटलं तर फक्त घोडा."

"मगे बाई, नदी खंय गेली?" धाकूने विचारलं.

मुलं खिदळली. बाईही हसल्या. धाकू मात्र हौदाकडे बघत राहिला. मी नदी कधी पाहिली नव्हती. पण आपलं काहीतरी हरवलंय, हे त्या दिवशी कळलं.

उन्हाळ्यात तंबू रिकामा पडू लागला. मालकाने पाण्याचा टँकर बंद केला. माझी कातडी तडकली, आम्हा पाणघोड्यांना येतो तो लाल घाम सुकून त्याचे पापुद्रे धरले. धाकू घरून कळशा आणायचा. एकदा सुलक्षणा त्याच्यामागोमाग हौदापाशी येऊन कडाडली, "हयसर पिवक पाणी नाय, आणि तुमी जनावराक आंघोळ घालतास?" तिचंही खरंच होतं.

शेवटी भर दुपारी धाकूने मालकाच्या तंबूतली पाण्याची पिंपं ढकलत आणली आणि माझ्या हौदात ओतली. मी कानापर्यंत बुडालो. तेवढ्यात मालक धावत आला. "चल, चालता हो! पुन्हा इथे दिसलास तर बघ!"

काही दिवस कुंपणापलीकडून हाक यायची, "आसस काय रे?" मी डुरकायचो. मग हाक थांबली. दोघं गावाला गेली म्हणे. नवा माणूस गवत फेकतो आणि निघून जातो.

आता मला उठवत नाही. जखमांवर माश्या बसतात; शेपूट हलवायचंही त्राण नाही. मालक गिऱ्हाईक शोधतोय, पण आजारी जनावर कोण घेणार?

तुमच्यापैकी कुणी मालवणकडे जाणार असाल, आणि धाकू भेटला, तर माझं हे काही सांगू नका. टँकर रोज येतो, एवढंच सांगा.