एकतीसनंतरची जोडी

आमच्या ह्यांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण दहावीचं बीजगणित अजून तोंडपाठ आहे. शाळेत गणित शिकवण्यात जन्म गेला, दुसरं काय होणार! डॉक्टर म्हणाले, डोकं चालू ठेवा. म्हणून खालच्या मजल्यावरची नाजिमा संध्याकाळी शिकायला येते. चहा-बिस्किटं आमचीच, पण पोरगी गुणी आहे, तक्रार नाही.

कटकट एकच. हे पहिल्यापासून उदाहरणं घरचीच घेतात. एक्स म्हणजे हे स्वतः, वाय म्हणजे आमोद. आमोद आमचा एकुलता एक. एकतीस वर्षांचा असताना अपघातात गेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ह्यांच्या ते लक्षातच राहत नाही. मागे एका शहाण्या नातेवाइकानं सांगून टाकलं, तर हे जमिनीवर बसून असे रडले, जणू बातमी आत्ताच आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायला तयार, आमोद कधी येणार? एकदा गेलेलं पोर परत परत किती वेळा मारायचं माणसानं? तेव्हापासून मी ठोकून देते, बंगळूरला आहे, रजा मिळत नाही. नाजिमालाही बजावून ठेवलंय.

परवा मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. बाहेर शिकवणी चालली होती.

"दोन चलांच्या एका समीकरणाला उत्तरं किती?" हे विचारत होते.

"असंख्य, सर."

"म्हणून वाट्टेल ती नव्हेत. जोडी जमली पाहिजे. माझ्या आणि आमोदच्या वयात फरक एकोणतीस. एक्स वजा वाय बरोबर एकोणतीस. कर तक्ता. मी तीस?"

"आमोददादा एक."

"चाळीस?"

"अकरा."

"पन्नास?"

"एकवीस."

"साठ?"

"एकतीस."

एकतीस ऐकलं आणि मी गॅस बारीक केला. मी दारातून डोकावले. ह्यांचं बोट कागदावर सत्तरच्या आकड्यापाशी थांबलं होतं.

"सर, सत्तरला एक्केचाळीस ना?" नाजिमानं हळूच विचारलं.

"नाही गं," हे म्हणाले. "आमोद गेला ना."

आता हे पुन्हा जमिनीवर बसणार आणि मला ते बघावं लागणार, एवढंच डोक्यात आलं. पण ह्यांनी बाहीनं डोळे पुसले आणि नाजिमाकडे वाकून हे कुजबुजले. कानानं कमी ऐकणाऱ्याचं कुजबुजणं ते, साऱ्या घराला ऐकू गेलं.

"काकूंना यातलं काही माहीत नाही. त्यांना वाटतं, तो बंगळूरला आहे. त्यांना झेपायचं नाही हे. तू आपलं एक्केचाळीस लिही."

नाजिमानं लिहिलं. मी कप मुद्दाम वाजवत बाहेर आले.

"झालं का उदाहरण?" मी विचारलं.

"झालं की," हे म्हणाले. माझ्याकडे बघून हसलेसुद्धा. "आमोद एक्केचाळीसचा झाला बघ सरोजिनी. मोठा झाला."

"हो ना," मी म्हणाले आणि त्यांच्या बशीत चहा ओतून दिला.

आम्ही दोघं चहा प्यालो. रडली ती फक्त नाजिमा.