घरात बोलणारं माणूस

यंत्रमागांच्या खोलीत तोंडाने बोललेलं कोणाला ऐकू येत नाही. चाळीसेक माग एकदम चालू असतात, आणि शेजारच्या माणसाच्या कानाशी जाऊन ओरडलं तरी त्याला फक्त गरम श्वास कळतो. म्हणून तिथले विणकर हातांनी बोलतात. दोन बोटं जुळवून झटक्यात दूर केली की धागा तुटला. मूठ कानाजवळ पिळली की मिस्त्रीला बोलाव. पोटापुढे हवेत मोठा गोल काढला की सुपरवायझर येतोय, सावध. ही खूण सुपरवायझरलाही ठाऊक होती. रजेवर जाताना तो स्वतःच पोटापुढे गोल काढायचा आणि मग निरोपाचा हात हलवायचा.

या खोलीत बावीस वर्षं काढलेल्या एका विणकराचा धाकटा मुलगा बहिरा होता. दीड वर्षाचा असताना त्याला ताप आला. ताप उतरला, पण कान गेले. दोन डॉक्टर झाले, कानाचं मशीन लावून झालं, फरक पडला नाही.

असा बाप असताना मुलाला काय कमी, असं कोणालाही वाटेल. पण आठ तास हात चालवून विणकर घरी यायचा तेव्हा त्याला तोंड उघडायचं असायचं. दिवसभर दाबून ठेवलेलं सगळं तो उंबऱ्यापासूनच बोलायला लागायचा. बायको म्हणायची, "अहो, चपला तरी काढा, मग बोला." मागाच्या खुणा ही त्याच्या मते कामाची गोष्ट होती, अंगावरच्या कापसाच्या तुसासारखी. ती घरात आणायची असते हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. बायको लाँड्रीत इस्त्री करायची. ती धाकट्याशी मोठमोठ्याने आणि सावकाश बोलायची, जणू तो पलीकडच्या गल्लीत उभा आहे.

आणि तसं पाहिलं तर कोणाचं अडतही नव्हतं, कारण घरात मोठी होती.

मोठी धाकट्याहून तीन वर्षांनी मोठी. दोघं जमिनीवर खेळत वाढली आणि खेळता खेळताच त्यांनी आपली भाषा केली. तळहातावर करंगळी घासली की भूक. कोपराला चिमटा म्हणजे आई रागावलीय. अशा दोन-तीनशे खुणा असतील, मोजल्या कोणी? धाकटा रुसला की विणकर विचारायचा, "काय झालं गं याला?" आणि मोठी पाटीवरून मान वर न करता सांगायची, "त्याचा निळा खडू हरवलाय." काम झालं. मग विणकर धाकट्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा, आणि धाकटा हसायचा. पाहुण्यांकडे बघून मुलं हसतात तसा. हे तेव्हा विणकराच्या लक्षात आलं नव्हतं.

दोघं एकाच शाळेत होती, घरापासून दोन गल्ल्यांवर. धाकटा मागच्या बाकावर बसायचा आणि फळ्यावरचं चित्रासारखं उतरवून घ्यायचा. त्याला लघवीला जायचं असेल, कोणी ढकललं असेल, पोट दुखत असेल, की शिपाई मोठीच्या वर्गाच्या दाराशी यायचा. "मोठीला पाठवा." दिवसातून तीनदा, चारदा. गणिताचा तास तिने सबंध असा कधी पाहिलाच नाही.

पाचवीच्या शेवटी तिच्या वर्गशिक्षकांनी आईबापांना बोलावून घेतलं.

"हुशार आहे हो मुलगी," ते म्हणाले. "गावाबाहेरच्या मोठ्या शाळेत घाला. प्रवेश मिळेल, मी लिहून देतो. इथे ठेवलीत तर ती शिकणार नाही, फक्त धावत राहील."

"आणि धाकटा?" आईने विचारलं.

"ते मी कसं सांगू? पण दोन मुलं आहेत तुम्हाला, ताई. तुम्ही एकालाच शाळेत घातलंय असं वागताय. आणि तोही शिकत नाहीये."

कर्णबधिर मुलांची शाळा बसने पाऊण तासावर होती. वसतिगृह होतं, पण विणकराने पहिल्या दिवशीच सांगून टाकलं, "रोज सकाळी मी नेईन, संध्याकाळी मी आणीन. कायमची रात्रपाळी घ्यावी लागली तरी चालेल. पोरगा झोपायला घरी पाहिजे. आठ वर्षांचं पोर परक्या खाटेवर झोपणार नाही." त्याने दुसरं काही मागितलं नव्हतं. शाळेचा एक नियम होता: रोज ये-जा करणाऱ्या मुलाच्या घरात त्याच्याशी खुणांनी बोलणारं एक तरी मोठं माणूस हवं. अर्जावर विचारलं होतं, घरी मुलाशी कोण बोलतं? विणकराने लिहिलं, सगळे. तो खोटं लिहीत नव्हता. घरात कोणी बोलायचं बाकी होतं का?

भेटीच्या दिवशी चौघंही गेली. मुख्याध्यापिका बाईंनी मोठीला प्रेमाने बाहेरच्या बाकावर बसवलं आणि दार लोटलं.

"बोला याच्याशी," त्या विणकराला म्हणाल्या. "काहीही. काल शाळेत काय केलं, एवढंच विचारा."

विणकराने धाकट्याकडे बोट केलं. मग हात हवेत तसाच राहिला. 'काल' कसं दाखवायचं? त्याने पाठीमागे बोट केलं, धाकट्याने मागे वळून भिंत पाहिली. बावीस वर्षांची सवय, हात रिकामे राहिनात. त्याची दोन बोटं आपोआप जुळली आणि झटक्यात दूर झाली. धागा तुटला. धाकट्याला वाटलं हा खेळ आहे. त्यानेही बोटं जुळवली, दूर केली आणि हसला.

"अहो, असं नाही, असं करा," बायको कुजबुजली आणि स्वतःच मोठ्याने म्हणाली, "शा-ळे-त! का-ल!"

धाकट्याने आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग बाईंकडे वळून हातांनी बरंच काहीतरी सांगितलं. विणकर उठून दाराकडे निघाला.

"मोठीला बोलावतो. ती सांगेल."

"बसा," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तेच तर पाहायचं होतं."

त्यांनी नियम समजावून सांगितला. दिवसभर शिकलेलं संध्याकाळी बोलायला कोणी नसेल तर ते सकाळपर्यंत टिकत नाही. यंदा वसतिगृह. शनिवारी पालकांचा वर्ग असतो. त्यात शिका. वर्षाने पुन्हा बघू.

बाहेर आल्यावर विणकराने मोठीला विचारलं. तिने दाराच्या काचेतून सगळं पाहिलं होतं.

"काय सांगत होता गं तो बाईंना?"

मोठी बुटाच्या बंदाशी चाळा करत राहिली.

"सांग की."

"म्हणाला, बाबांना विचारू नका, त्यांना येत नाही. मला विचारा, मी सांगतो."

जूनमध्ये धाकटा वसतिगृहात गेला आणि मोठी गावाबाहेरच्या शाळेत.

विणकराने शनिवारची पाळी बदलून घेतली. बायकोला जमलं नाही, लाँड्रीत शनिवारीच इस्त्रीचा ढीग असायचा. पालकांच्या वर्गात तो सगळ्यांत वयस्क, पण हात लवकर वळायचे. अडचण वेगळीच निघाली. शिकवणारी मुलगी एकदा हसत म्हणाली, "काका, तुम्ही फार ओरडता."

"मी? मी तर तोंडसुद्धा उघडलं नाही."

"हातांनी ओरडता. मी समोरच बसलेय, पलीकडच्या इमारतीत नाही."

मागांच्या खोलीत खूण चार माग ओलांडून दिसावी लागते. ते हात लहान करायला त्याला चार महिने लागले. घरी आरशासमोर तो छातीपुढे दोन्ही हात ठेवून पुटपुटल्यासारखा सराव करायचा. बोलणं कमी झालं त्याचं. बायको म्हणाली, "तुम्ही घरी आलात हे आता कळतच नाही."

दिवाळीच्या सुट्टीत धाकटा दहा दिवस घरी आला. आल्या आल्या मोठीशी भराभर हातांनी बोलायला लागला. मोठी बघत राहिली. तिने करंगळी तळहातावर घासून विचारलं, भूक? धाकट्याने मान हलवून वेगळीच खूण करून दाखवली, ही बरोबर म्हणून. मोठीने तीनदा चुकीची केली. धाकटा थांबला आणि मग तिच्यासाठी हळूहळू, एकेक खूण सुटी करून बोलू लागला. रात्रीचं जेवण होण्याआधी मोठी न्हाणीघरात जाऊन रडली. विणकर दाराबाहेर उभा राहिला.

"मी शिकवतो तुला," तो म्हणाला. "मला येतात त्या."

"नको. मला अभ्यास आहे."

वर्ष संपलं. बाईंनी पुन्हा बोलावलं, तेव्हा मोठीची परीक्षा चालू होती, म्हणून दोघंच गेली. बायकोने रिकामी पिशवी बरोबर घेतली होती, धाकट्याचे कपडे आणायला. घरी खिडकीखाली त्याची खाट लावून झाली होती, नवी चादर घातली होती.

बाईंनी धाकट्याला बोलावलं. तो चार बोटं उंच झाला होता. विणकराने हात छातीपुढे धरले आणि विचारलं, काल शाळेत काय केलं? धाकटा चमकला. मग सांगू लागला: पोहायला नेलं होतं, एका मुलाची चड्डी पाण्यात सुटली. विणकर हसला, खरंच कळून हसला. त्याने विचारलं, कोणत्या मुलाची? धाकट्याने त्या मुलाची खूण करून दाखवली, पुढे आलेले दात. बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या.

"छान," त्या म्हणाल्या. "माझी हरकत नाही. जूनपासून रोज ये-जा करू दे. पण एकदा त्याला विचारा. तुम्हीच विचारा."

विणकराने विचारलं. वाक्य नीट झालं. आता घरी राहायचं, रोज माझ्याबरोबर यायचं-जायचं. चालेल?

धाकट्याने आईच्या हातातली पिशवी पाहिली. मग त्याने उत्तर दिलं, हळूहळू, एकेक खूण सुटी करून, बापाला नक्की कळावं म्हणून.

"काय म्हणतोय?" बायकोने विचारलं. "अहो, काय म्हणाला?"

विणकराने बाईंकडे पाहिलं. बाई खाली वहीकडे बघत होत्या. त्या सांगणार नव्हत्या. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"इथेच राहतो म्हणाला."

"असं कसं? का?"

"घरी कंटाळा येतो म्हणतो. जेवताना सगळ्यांची तोंडं हलतात."

"मग आपण जेवताना नाही बोलणार," बायको म्हणाली. "सांगा त्याला. कोणी बोलणार नाही. अगदी गप्प बसू आपण."

विणकराने हात वर घेतले. वाक्यातली प्रत्येक खूण त्याला येत होती. धाकटा त्याच्या हातांकडे बघत वाट पाहत उभा होता. तेवढ्यात दारातून कोणी तरी पाय आपटला, फरशी थरारली, आणि धाकट्याने वळून पाहिलं. पुढे आलेल्या दातांचा मुलगा त्याला बोलावत होता. धाकट्याने बापाकडे परत बघून विचारलं, जाऊ?

जा, विणकराने सांगितलं.